पंखा बंद करा, केळी उडताहेत!

वैशाखाच्या भर दुपारी जळगावात जो पंखा बंद करायला सांगतो, तो एकतर वायरमन असतो, नाहीतर फेल्टचं, म्हणजे न विणलेल्या जाड कापडाचं, तोरण करणारा. वायरमन आमच्याकडे बोलावूनही येत नाही. सौ.ने मात्र आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नणंद माहेरी येणार म्हणून स्वयंपाकघराच्या दाराला फेल्टच्या केळी-वांग्यांचं तोरण लावायचं ठरवलं आणि पंख्याच्या बटणावरचा माझा हक्क संपला. देठं, पानं, मिरच्या सगळं नखाएवढं. पंखा एकवर ठेवला तरी देठं दिवाणाखाली. कूलर लावावा तर त्याच्या सॉकेटमध्ये ग्लू गन. बाहेर पारा 45, आत डिंकाची कांडी वितळवायला वीज जाळतोय. ती कांडी नुसती गच्चीवर ठेवली असती तरी भागलं असतं, पण माझं ऐकतंय कोण!

ज्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती रावेर-यावलकडची केळी इथे घडाने मिळतात. तरी आम्ही ती कापडाची करतो.

बरं, फेल्ट ही वस्तूच मुळात थंड मुलखाची. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि भरपूर रगडणं मिळालं की तंतू एकमेकांत असे अडकतात की सुटायचं नाव घेत नाहीत. विणकाम नाहीच, त्यामुळे कापलेल्या कडेचे धागे निघत नाहीत, दुमडून शिवावं लागत नाही. मध्य आशियातल्या भटक्या लोकांनी त्याचे तंबू केले, काश्मीरने नमदे, म्हणजे जाड गालिचे, केले. अल्ताई डोंगरातल्या पाझिरिकच्या थडग्यात तर फेल्टचे हंस सापडले, दोन हजारांहून जास्त वर्षं टिकलेले. पण टिकले कुठे, तर बर्फात! आमच्या दुकानात मिळणारे रंगीत तुकडे बहुतेक पॉलिस्टरचे. सौ.ने एका पिवळ्या तुकड्याची चुणी काढायला कडक इस्त्री फिरवली, तर केळं न पिकताच इस्त्रीला चिकटलं.

कापायचं खातं माझ्याकडे. दोन थर एकदम धरले की कात्री ते कापत नाही, चावते. वरचं पान पिंपळाचं होतं, खालचं कडुनिंबाचं. जांभळ्यावर पेन उमटत नाही म्हणून शिंप्याचा खडू, आणि तो घामाच्या हाताने पुसला जातो. बोटांना चिकटलेले तंतू मिशीत जातात. त्या दिवसांत शेजारी मला "सर्दी झाली का भाऊ?" विचारत होते.

जांभळ्यावरूनच खरं महाभारत झालं. सौ.चं माहेर साताऱ्याकडचं. तिने चकचकीत जांभळी वांगी शिवून ओळीने मांडली. आई माजघरातून आली, एक उचलून उलटसुलट पाहिलं.

"हाई काय शे वं?"

"वांगं आहे, आई."

"जांभयं?"

भरताचं वांगं हिरवं, पोपटासारखं, अंगावर पांढरट रेघा, एकेक पाव किलोच्या पुढचं. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सगळी वांगी उसवली. हिरवं फेल्ट आलं, रेघांना पांढरा दोरा आला. मग आत काय भरायचं? सौ.ने फायबरची पिशवी आणलेली. कापसाच्या मुलखात वांग्यात प्लास्टिक भरणार म्हटल्यावर आईने कोठीतला कापूस काढला आणि एकेक वांगं असं ठासून भरलं की तोरण उजवीकडे झुकलं. शेवटी डावीकडे केळी वाढवली. म्हणजे पुन्हा पंखा बंद.

आखाजीला बहीण नाशिकहून आली. बॅग खाली ठेवायच्या आधी तोरणाचे फोटो काढले, मैत्रिणींना पाठवले, आणि जेवायच्या आत ऑर्डरही आली.

"वहिनी, अशीच चार करून दे ना. फक्त वांगी जांभळी हवीत. हिरवी त्यांना पेरू वाटताहेत."

वाढता वाढता आईचा हात थांबला.

"मंग त्या लोके भरीत कसानं करतस? पेरूनं?"