म्हजो टायम खालो!

पणजीच्या स्टँडवर फोंड्याची खाजगी बस शोधावी लागत नाही, तीच आपल्याला शोधते. 'फोंडें फोंडें फोंडें' असा एका दमात जप करत कंडक्टर समोर येतो, हातातली पिशवी काढून घेतो आणि ड्रायव्हरशेजारी नेऊन ठेवतो. झालं, आता तुम्ही ओलीस. 'आतां सुटतली!' म्हणून तो छातीठोक सांगतो. इंजिन गुरगुरतं, बस दोन हात पुढे जाते, तुम्ही मंगेशाचं नाव घेता, आणि बस दोन हात मागे येते. सीटा भरेपर्यंत हे चालतं. मग उभ्यांची भरती. 'फाटीं सरात, फाटीं जागो आसा!' मागे जागा असते ती फक्त कंडक्टरच्या नजरेला.

पाहुणे म्हणतात, गोव्यात वेळेची कुणाला पर्वा नाही. साफ खोटं. आमच्या बसवाल्याइतका टायमाला जपणारा माणूस दाखवा! फक्त तो टायम प्रवाशाचा नव्हे, मागच्या बसचा. लाइनीवरच्या प्रत्येक बसला टायम बांधून दिलेला असतो. पुढची रेंगाळली तर मागचीची गिऱ्हाईकं गेली, म्हणजे तिचा टायम 'खाल्ला'. म्हणून रायबंदरातून आमची बस लग्नाच्या वरातीसारखी निघते. दूरवर एखादी काकी घराला कुलूप लावताना दिसली तरी थांबते. काकी कुलूप ओढून बघते, अर्ध्या वाटेवरून परत जाऊन पुन्हा ओढून बघते, आणि चढल्यावर विचारते, "बाबा, ही म्हापशां वता मरे?"

जुनं गोवं मागे पडतं आणि आरशात मागची बस उगवते. मग काय विचारता! बाणस्तारीचा पूल कधी आला नि भोम कधी गेलं, कळत नाही. मघाशी काकीसाठी थांबलेली बस आता कुंदईला हात दाखवणाऱ्या कामगारांकडे ढुंकून बघत नाही.

1980 साली सरकारी बसचं कदंब महामंडळ आलं. खिडकीवर तिकीट काढा, सीटवर बसा, मध्ये कुठे थांबणं नाही, अशी त्यांची शटल मडगाव, वास्को, म्हापशाला सुटते. चांगली सोय आहे. पण आम्ही पडलो म्हार्दोळचे, आमचं गाव मधलं. रात्री उशीर झाला तर पिवळ्या मडगार्डचा मोटरसायकल पायलट, म्हणजे भाड्याने मागे बसवून नेणारा दुचाकीवाला, तोही परवडेल तेवढ्याच अंतरापुरता.

तर परवा मंगेशीच्या अलीकडे मागच्या बसने ओव्हरटेक करून आम्हाला आडवं घातलं. त्यांचा कंडक्टर उडी मारून खाली. "म्हजो टायम खालो तुवें!" आमचा म्हणाला, "खंय खालो? दोन मिनटां!" दोन्ही बसचे प्रवासी पंच झाले. आमच्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ काढून साक्ष दिली. समोरच्या बसमधल्या कुणीतरी ते घड्याळच पुढे असल्याची हरकत घेतली. मास्तर खवळले. मूळ भांडण बाजूला पडून घड्याळाची तपासणी सुरू झाली, आणि तेवढ्यात तिसरी फोंडा बस दोघींना बगल देऊन हॉर्न वाजवत गेली.

दोन्ही कंडक्टरांनी एकमुखाने तिचा उद्धार केला आणि दोघेही आपापल्या दारात लटकले. त्या शर्यतीत माझं म्हार्दोळ डाव्या खिडकीतून निघून गेलं. मी ओरडलो, शिट्टी झाली, पण बस थांबली ती पार फर्मागुडीला. कंडक्टरने माझी पिशवी अदबीने हातात दिली.

"भियेनाकात. परतपाची बस आतां येतली."