आधी कचऱ्याचा डबा उघडा

प्लास्टिक कमी करायचं ठरवलं की बहुतेक जण आधी खरेदीला निघतात. बांबूचा ब्रश, स्टीलची नळी, काचेच्या बरण्यांचा संच, नवीकोरी कापडी पिशवी. आणि जागा करायला घरातले धडधाकट प्लास्टिकचे डबे कचऱ्यात. हे मला अजिबात पटत नाही. तो डबा बनवताना जे तेल आणि वीज खर्ची पडली ती पडलीच. आता तो जितकी वर्षं वापराल तितका तो खर्च सार्थकी लागेल. फक्त त्यात गरम जिन्नस भरू नका, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. चरे पडले, तडा गेला की खिळे-स्क्रू ठेवायला काढा.

कापडी पिशवीचंच बघा. ब्रिटनच्या सरकारी पर्यावरण संस्थेने २०११ साली पिशव्यांचा हिशोब प्रसिद्ध केला. हवामानावरचा भार धरला, तर सुती पिशवी १३१ वेळा वापरल्यावर कुठे ती एकदा वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. आठवड्यातून दोनदा म्हटलं तरी सव्वा वर्ष झालं. या आकड्यात गटारात तुंबणारी किंवा समुद्रात जाणारी पिशवी धरलेली नाही, त्यामुळे कापडी पिशवी वाईट असं कुणी म्हणू नये. पण दर कार्यक्रमात फुकट मिळते म्हणून घरात पंधरा साठवल्या, तर त्यातली एकही १३१ गाठणार नाही. जुन्या चादरीच्या दोन शिवा. पिशव्या विसरतात त्या कपाटात ठेवल्या म्हणून. सामान रिकामं केलं की लगेच घडी करून रोजच्या बॅगेत टाका.

तर सुरुवात खरेदीने नको, मोजणीने करा. सात दिवस घरातलं सगळं टाकाऊ प्लास्टिक एका पोत्यात साठवा. खरकटं असेल ते भांडी धुतलेल्या पाण्यात विसळून वाळवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी वास सुटतो आणि मोजणी तिथेच संपते. आठव्या दिवशी जमिनीवर पसरून ढीग करा: कडक बाटल्या-डबे, मऊ पातळ पिशव्या, चुरचुरीत चकचकीत पाकिटं आणि बारीकसारीक चिल्लर. वजन करू नका, नग मोजा. एका बाटलीच्या वजनात कित्येक सॅशे बसतात, त्यामुळे काट्यावर खरा त्रास दिसतच नाही.

चकचकीत पाकीट मुठीत घट्ट चुरगाळून मूठ उघडा. ते हळूहळू पुन्हा उलगडलं, तर तो धातूचा कागद नसून धातूचा मुलामा दिलेलं प्लास्टिक आहे. यात वेगवेगळ्या प्लास्टिकचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून हा माल बहुधा कुणी उचलत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार तोवर तयार झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के पुनर्वापराच्या कारखान्यातून गेला होता. बाटलीवरचा त्रिकोणही फसवा. त्यातला १ ते ७ आकडा प्लास्टिकची जात सांगतो, पुढे त्याचं काही होईल याची हमी देत नाही.

म्हणून माझा सगळा जोर पाकिटांची संख्या कमी करण्यावर आहे, आणि त्याला साधं भूमितीचं कारण आहे. मोठ्या पाकिटासारख्याच घडणीची १०० ग्रॅमची दहा पाकिटं घेतली, तर १ किलोच्या एका पाकिटापेक्षा दुपटीहून थोडं जास्तच वेष्टण लागतं. जे रोज लागतं आणि टिकतं ते मोठ्या पाकिटात घ्या. जे पडून खराब होतं ते मात्र नको, वाया गेलेल्या जिनसाचा भार वेष्टणापेक्षा बहुतेक वेळा मोठा असतो. सुटं भरून आणायचं असेल तर डब्याच्या बुडाशी रिकाम्या डब्याचं वजन न पुसणाऱ्या पेनाने लिहून ठेवा, म्हणजे काट्यावर वाद नाही. डबा पूर्ण कोरडा हवा. झाकणाच्या आट्यांत अडकलेलं पाणी सगळ्यात दगा देतं.

हात धुवायच्या पातळ साबणात बहुतांश पाणीच असतं, म्हणजे आपण बाटलीतून पाणी विकत आणतो. वडी घ्या, पण खाली भोकं असलेल्या साबणदाणीत ठेवा. साचलेल्या पाण्यात वडी विरघळून निम्म्यावर येते आणि मग लोक पुन्हा बाटलीकडे वळतात.

कागदी कपाला मी पर्याय मानत नाही, त्याच्या आतून प्लास्टिकचा अस्तर असतो. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या बऱ्याच वस्तूंना साठेक अंश तापमान आठवडेच्या आठवडे लागतं. घरच्या कुंडीत ते मिळत नाही, त्या तशाच्या तशा राहतात. आणि कृत्रिम धाग्याचे कपडे धुताना तंतू सुटतात ते तर पोत्यात दिसतच नाहीत. गार पाणी, भरलेलं मशीन, छोटं आवर्तन एवढं केलं तरी ते कमी सुटतात.

एका वेळी एकच ढीग धरा, सगळ्यात जास्त नगांचा. महिन्याभराने पुन्हा सात दिवस मोजा. घरात समारंभ किंवा पाहुणे असतील तो आठवडा मात्र मोजणीला घेऊ नका, दोन आकड्यांची तुलनाच होणार नाही.