गोळ्या फेका म्हणणाऱ्यांनो

आज परत तो व्हिडिओ ग्रुपवर. 'कोलायटिस म्हणजे पोटातली उष्णता, गोळ्या फेका, सब्जा खा.' खाली हात जोडलेल्यांची रांग. आमच्या सोसायटीतल्या पोराने हेच ऐकलं आणि आज तो सलाइनवर आहे.

आधी काही महिने त्याला मूळव्याधीचं मलम. अहो, मूळव्याध रात्री झोपेतून उठवून संडासला पळवत नाही. आव मिसळलेलं रक्त, सारखी घाई, घटतं वजन असेल तर शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी (आतड्याला सूज आहे का ते कळतं), मग कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं पाहणं, आणि बायोप्सी, म्हणजे अस्तराचा तुकडा तपासणं.

उष्णता कसली डोंबलाची! पोराला झालेल्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उठते. सूज गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर चढते. मिरचीने हा रोग होत नाही. भडका असताना तिखट सोसत नाही, एवढं कबूल.

पोराचं आतड्याची सूज उतरवणारं मेसालामाइन चालू होतं, रोज 2.4 ग्रॅम. रक्त थांबलं, गोळ्या बंद. अरे, रक्त थांबल्यावरही ती चालू ठेवायची असते, भडका परत येऊ नये म्हणून! मग त्रास उलटल्यावर जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, 40 मिलिग्रॅम. बरं वाटलं की एकदम बंद, दुखलं की परत सुरू. स्टेरॉइड आठवड्याला साधारण 5 मिलिग्रॅमने उतरवतात. आठवडे घेऊन एकदम तोडलं की बीपी पडतं, चक्कर येते, रोगही उसळतो. त्यात सांधे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी! सांधे याच रोगाने धरले होते, आणि त्या गोळीने आतडं आणखी चिघळू शकतं. पॅरासिटामॉल चाललं असतं.

दिवसाला सहा किंवा जास्त रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप किंवा नाडी 90 च्या वर, की थेट ॲडमिट. शिरेतून दिलेल्या स्टेरॉइडने तिसऱ्या दिवसापर्यंत उतार नाही पडला तर प्रतिकारशक्तीला आवर घालणारं इन्फ्लिक्सिमॅब, नाहीतर ऑपरेशन. इन्फ्लिक्सिमॅबने दडलेला टीबी जागा होऊ शकतो, म्हणून छातीचा एक्स-रे आणि टीबीची रक्ततपासणी आधीच उरकतात. औषध महाग आहे, मान्य.

त्याची आई विचारत होती, 'माझ्या हातच्या जेवणाने झालं का?' नाही हो काकू. तुमच्या जेवणाने काही झालेलं नाही.

हिमोग्लोबिन 7 वर आलंय, रक्त चढवावं लागणार. बी पॉझिटिव्ह असाल तर इनबॉक्स करा.