पगार मागितला की समाधान, समाधान मागितले की पगार

आयटीत काम करणाऱ्या माणसाने तोंड उघडले की त्याला गप्प बसवण्यासाठी दोन उत्तरे तयार असतात, आणि माझा संताप होतो तो ती दोन्ही सोयीनुसार आलटून-पालटून वापरली जातात याचा. कंपनीत पगारवाढीचा विषय काढला की ऐकवले जाते, ‘नुसते पैशाकडे पाहू नका, इथे शिकायला किती मिळते ते पाहा.’ घरी किंवा एखाद्या लग्नकार्यात कामाला विटल्याचे चुकून बोलून गेलो की तेच उत्तर उलटे होऊन अंगावर येते, ‘एवढा पगार घेतोस, आणखी काय पाहिजे?’ थोडक्यात, पैसे मागावेत तर मी हावरट आणि मनाजोगे काम मागावे तर मी लाडावलेला. दोन्ही एकदम मागणारा माणूस या मंडळींच्या कल्पनेतच बसत नाही.

आधी त्या ‘एवढ्या पगारा’बद्दल बोलू. समजा, एखाद्याचा सीटीसी, म्हणजे कंपनीचा त्याच्यावर होणारा एकूण खर्च, वर्षाला १८ लाख आहे आणि त्याला मोठ्या कौतुकाने ६ टक्के वाढ मिळाली. कागदावर ही वाढ महिन्याला ९,००० रुपयांची होते. त्यातला काही भाग ‘व्हेरिएबल’, म्हणजे कामगिरी पाहून द्यायचा पगार, या नावाखाली कोपराला गूळ लावून ठेवलेला असतो. कंपनीचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा त्यातच धरलेला असतो. ग्रॅच्युइटीही त्यातच धरलेली असते, मूळ पगाराच्या ४.८१ टक्के, आणि कायम नोकरदाराला तिचा हक्क मिळण्यासाठी त्याच कंपनीत सलग पाच वर्षे काढावी लागतात. ज्या धंद्यात माणसे दोन-तीन वर्षांत नोकरी बदलतात, तिथे न मिळणारी ही रक्कम दरवर्षी ‘पॅकेज’ म्हणून मोजून दाखवण्याचा निर्लज्जपणा करायला खरोखरच धाडस लागते. मग आपल्या वाट्याचा पीएफ आणि प्राप्तिकर जाऊन बँकेत वाढीव म्हणून पडतात पाच-साडेपाच हजार. घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाने त्यातून मुलीची वाढलेली शाळेची फी भरायची, की वाढलेला मेंटेनन्स?

बरे, वाढ कमी का, असे विचारावे तर ‘बेल कर्व्ह’, म्हणजे चांगली-वाईट रेटिंग ठरावीक प्रमाणातच वाटायची पद्धत, पुढे केला जातो. तुझे काम उत्तमच आहे, क्लायंटही खूश आहे, पण वरचे रेटिंग टीममधून एकालाच देता येते आणि यंदा ते दुसऱ्याला द्यायचे ठरले आहे, असे मॅनेजर चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता सांगतो. याच काळात माझ्याच कामासाठी बाहेरून एक मुलगा घेतला गेला. त्याची तांत्रिक मुलाखत मी घेतली, त्याला प्रोजेक्ट मी समजावून दिला, आणि त्याचा पगार माझ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. त्याच्यावर माझा राग नाही, त्याने बाजारभाव मागितला आणि त्याला तो मिळाला. राग याचा आहे की, तोच बाजारभाव मी मागितला तेव्हा मला ‘शिकण्याची संधी’ ऐकवण्यात आली. राजीनामा टाकल्यावर मात्र एरवी रिकामी म्हणून दाखवलेल्या तिजोरीत एकाएकी पैसे सापडतात. म्हणजे पैसे नव्हते हे खोटे होते. जो टिकून राहतो त्याला द्यायचे नव्हते, एवढेच खरे. आणि राजीनामा तरी कसा टाकायचा? नोटीस पिरियड ९० दिवसांचा, आणि नव्या कंपनीला माणूस महिन्याभरात हवा असतो.

मागे एका प्रशिक्षणात आम्हाला फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची स्लाइड दाखवण्यात आली. पगाराने समाधान मिळत नाही, हे शास्त्राने सिद्ध झाले आहे, असे एचआरच्या बाई ठासून सांगत होत्या. हर्झबर्गने १९५० च्या दशकात पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० अभियंत्यांशी आणि लेखापालांशी बोलून जे मांडले, त्याचा हा सोयीस्कर अर्धाच भाग आहे. त्याचे म्हणणे असे की, समाधान आणि असमाधान या एकाच काट्याच्या दोन बाजू नव्हेत. पगार, कंपनीची धोरणे, वरिष्ठांची वागणूक, कामाची परिस्थिती या गोष्टी बिघडल्या की माणूस असमाधानी होतो. समाधान मिळते ते प्रत्यक्ष कामातून, काहीतरी साध्य झाल्यातून, त्याची दखल घेतली गेल्यातून, जबाबदारीतून आणि प्रगतीतून. म्हणजे पगारही नीट हवा आणि कामही नीट हवे. एकाच्या बदल्यात दुसरे सोडून द्या, असे तो बिचारा कुठेही म्हणत नाही. पण ही दुसरी बाजू स्लाइडवर घेतली, तर पुढचा प्रश्न कंपनीलाच विचारला जाईल ना!

आणि ते प्रत्यक्ष काम काय आहे, तेही ऐका. मला कोड लिहायला आवडतो. डेटाबेसमधून माहिती काढणारी एखादी संथ क्वेरी तासभर उलगडत बसावी, तिची चूक सापडावी आणि मिनिटांचे काम सेकंदात व्हावे, यात मला अजूनही आनंद मिळतो. पण आमच्याकडे पगाराची पुढची पायरी चढायची तर ‘लीड’ व्हावे लागते, आणि लीड झालेला माणूस कोडला हात लावत नाही. तो इतरांच्या टाइमशीट मंजूर करतो, एक्सेलमधल्या रकान्यांना लाल, पिवळा, हिरवा रंग देतो आणि लाल रंग पिवळा कसा करता येईल यावर चाळीस मिनिटांचा कॉल घेतो. ज्याचे काम चांगले, त्याला ते काम सोडल्याशिवाय जास्त पैसे द्यायचे नाहीत, ही रचना कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली असेल?

वर रात्रीचे कॉल आहेतच. क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे मागे जातात आणि आमचा रात्री साडेआठचा कॉल साडेनऊला सरकतो, तो थेट मार्चपर्यंत. आता निदान जेवून कॉलला बसता येते, असे कोणी म्हणेल. पण कॉल संपायला अकरा वाजतात आणि दुसऱ्या दिवशी ऐरोलीच्या ऑफिसात सकाळी हजेरीचे कार्ड लावायचे असते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरच्या गाडीत उभ्याने जायचे, किंवा पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखालच्या पाण्यात कॅबसह अडकून पडायचे, आणि पोहोचल्यावर शेजारच्या खुर्चीतल्या सहकाऱ्याशी टीम्स या ऑनलाइन कॉलच्या ॲपवर बोलायचे. यासाठी आठवड्यातून तीन दिवस येण्याची सक्ती आहे. म्हणे, त्यामुळे ‘कल्चर’ टिकते.

माझे काका ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत कामगार होते. ‘एसीत बसून कसला रे त्रास?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्यांचे कष्ट माझ्यापेक्षा जास्त होते, यात शंकाच नाही. पण कारखाना कायद्यानुसार दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपलीकडे थांबले की त्यांना दुप्पट दराने पैसे मिळत, आणि घरी आल्यावर रिॲक्टर त्यांच्या खिशात वाजत नसे. माझे जादा तास कुठल्याच वहीत चढत नाहीत. उलट ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले, तेव्हा आमच्या वरिष्ठांनी ती बातमी ग्रुपवर कौतुकाने फिरवली. मोठ्या सेवा कंपन्यांत नव्या अभियंत्याचा वार्षिक पगार पंधरा वर्षांपूर्वीही साडेतीन लाखांच्या आसपास होता आणि आजही बहुतेकांना तेवढ्यावरच सुरुवात करावी लागते, ही बातमी मात्र कोणीच फिरवली नाही.

मी यंदा तीन मागण्या लेखी कळवल्या. वाढीच्या पत्रात सीटीसीबरोबर महिन्याला हातात पडणारी रक्कमही छापा, रात्रीच्या कॉलचा भत्ता द्या, आणि कोड लिहीत राहणाऱ्यालाही लीडइतका पगार मिळेल अशी वेगळी श्रेणी ठेवा. यावर उत्तर म्हणून ‘कर्मचारी समाधान सर्वेक्षणा’ची लिंक आली. सर्वेक्षण पूर्णपणे निनावी असल्याचे त्यात ठळक अक्षरांत लिहिले आहे, आणि शुक्रवारपर्यंत ते न भरणाऱ्यांची यादी मॅनेजरकडे पाठवली जाईल, असेही त्याखालच्याच ओळीत लिहिले आहे.