पाय बादलीत, पैसे पाण्यात

परवा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये ‘पाय डिटॉक्स शिबिर’ झालं. ४०० रुपये, अर्धा तास आणि तळव्यांतून निघालेलं तपकिरी ‘विष’ याचि डोळा बघायची सोय. ज्यांचा नंबर लागला नाही त्यांनी हिरमुसू नये. घरच्या घरी, मिठाच्या पाण्यात पाय बुडवून फसायचीही रीत आहे.

मीठ आधी. साधं एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, स्वस्तात मिळतं, म्हणून ते घेऊ नये. लॅव्हेंडरचा वास मारलेलं तेच मीठ जांभळ्या बरणीतून चौपट भावाने घ्यावं. गुलाबी ‘हिमालयन’ असेल तर सोन्याहून पिवळं. ते येतं पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून आणि बहुतेक सगळं सोडियम क्लोराइडच असतं, पण आमटीतल्या मिठाला हिमालयाचा मान कुठला?

८-१० लिटर कोमट पाण्याला अर्धी वाटी पुरते. रीळमध्ये सांगतात ते दोन कप अख्ख्या बाथटबचं, दीडशेक लिटरचं माप असतं. तुम्ही ते बादलीतच ओता. कातडी कोरडी पडून खाजू लागली की ‘विष निघतंय’ म्हणा.

सुगंधी तेल थेट पाण्यात टाका. ते विरघळत नाही, तवंग धरून नेमकं नडगीला चिकटतं, पेपरमिंट असलं तर चांगलंच झोंबतं. आधी चमचाभर खोबरेलात कालवायचे कष्ट कोण घेणार!

लिंबू आणि खायचा सोडा एकत्रच घाला. दोघं एकमेकांना संपवतात, पण फेस झकास येतो.

आता शिबिरातलं ते यंत्र. टबात मीठपाणी, त्यात धातूच्या पट्ट्यांची गुंडाळी, बटण चालू. दहा मिनिटांत पाणी पिवळं, मग तपकिरी, वर साय. शेजारी रंगांचा तक्ता: हा रंग यकृताचा, तो मूत्रपिंडाचा, काळे ठिपके म्हणजे जड धातू. अहो, गंज आहे तो! मिठाच्या पाण्यात वीज सोडली की पट्टीतलं लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचाच गाळ होतो. पाय न घालता यंत्र चालवा, पाणी तसंच तपकिरी होईल. मूठभर मीठ वाढवा, आणखी लवकर होईल. मग त्या रिकाम्या टबाचं यकृत बिघडलं होतं का? शाळेत विद्युत अपघटन शिकून, इंजिनिअर होऊन निवृत्त झालेली माणसं रांगेत उभी राहून त्या गाळाचे फोटो काढत होती!

वेळ? १५-२० मिनिटं पुरतात. तुम्ही तासभर बसा.

आणि पाणी कडक हवं, जितकं कडक तितका गुण, हेही तिथे माइकवर सांगत होते. गिझरचं पाणी ६० अंशांचं असलं तर पाचेक सेकंदांत भाजतं. ज्याच्या पायाला संवेदना आहे तो ओरडून पाय काढेल. पण जुन्या मधुमेहात तळवे बधिर होतात, चटका कळतच नाही, संध्याकाळी मोजा काढल्यावर फोड दिसतो. ती जखम चिघळली की बोट कापायची वेळ येते. मधुमेह असलेल्यांनी पाय भिजत ठेवायचेच नसतात! कोपराने पाणी बघून कोमट पाण्याने धुवायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, बस. नातवंडांनो, आजोबांना टब भेट देताय तो परत करा. आणि शिबिरवाल्यांनो, गंज विकायचा तर विका, पण माणसाला खुर्चीत बसवण्याआधी ‘शुगर आहे का?’ एवढं विचारायला तुमचं तोंड का उघडत नाही?