बागेतलं उरलेलं औषध बॅरलमध्ये टाकू नका

तासगाव-मिरजेकडच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज आता चुलत्यांनीही पाठवला: ‘पर्यावरणवाल्यांनी डीडीटी (डासांवर फवारायचं जुनं कीटकनाशक) बंद पाडलं म्हणून मलेरिया वाढला. बागेतलं उरलेलं औषध गटारात मारा, पाण्याच्या बॅरलमध्ये चमचाभर टाका, डास संपतील.’

आधी बॅरलचं, कारण यात जीव जाईल. २०० लिटरच्या बॅरलमध्ये २० टक्क्यांचं क्लोरपायरीफॉस (ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक) एक चमचा, म्हणजे ५ मिली, टाकलं की लिटरमागे ५ मिलिग्रॅम होतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं प्रमाण आहे लिटरला ०.०३ मिलिग्रॅम. दीडशेपटीहून जास्त! तुरटीनं किंवा गाळून ते जात नाही. बिहारच्या सारण जिल्ह्यात २०१३ साली शाळेच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस हे असलंच कीटकनाशक गेलं आणि २३ मुलं दगावली.

कुणी म्हणेल, ‘आरोग्य खातं पाण्यात अबेट हे डासांच्या अळ्या मारायचं औषध टाकतंच की.’ टाकतं, आणि तेही त्याच ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं आहे, हे खरं. पण ते टेमिफॉस आहे, माणसाला त्या मानानं बरंच कमी विषारी, आणि माप लिटरला १ मिलिग्रॅम. ५० टक्क्यांचं औषध असेल तर अख्ख्या बॅरलला ०.४ मिली. चमच्यानं ते मोजताच येत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा बॅरल रिकामं करा, आतून घासा, वाळू द्या. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.

गटारातले डास बहुतेक क्युलेक्स. ते मलेरिया पसरवतच नाहीत. मलेरियाचा अ‍ॅनाफिलीस टाकी, विहीर, पाटाच्या डबक्यात वाढतो. गटारात मारलेलं औषध ओढ्यानं कृष्णेत जाणार आणि मासे मरणार, एवढंच.

राहिलं डीडीटी. १९५३ मध्ये देशात साडेसात कोटी रुग्ण होते, १९६५ पर्यंत ते लाखावर आले, आणि त्यात डीडीटीचा मोठा वाटा होता, हे मान्य. पण १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला तेव्हा डीडीटी चालूच होतं! फवारणीत ढिलाई आली होती आणि डास औषधाला दाद देईनासे झाले होते. शेतीतल्या वापरावर बंदी आली १९८९ मध्ये. घराच्या भिंतींवर मारायला घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारानंही सूट ठेवली.

कुणी बॅरलमध्ये औषध टाकलंच असेल तर ते पाणी पिऊ नका, जनावरांनाही दाखवू नका. कुणाला लाळ, घाम, उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर औषधाची बाटली लेबलासकट बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.