पणजोबांचा पंचा कुठे मिळेल?

पाडव्याच्या शोभायात्रेत यंदा तुम्ही एकोणिसाव्या शतकातला साधा कोकणी पुरुष होणार असं कळलं. अभिनंदन. कपडे अस्सलच हवेत हा हट्टही रास्त. तर आधी भाड्याने ड्रेस देणाऱ्या दुकानात शिरा आणि साध्या माणसाचा रोजचा वेष मागा. दुकानदार बाजीराव काढून देईल. थोरला बाजीराव १७४० साली गेला, पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, म्हणजे तुमच्या शतकातली जेमतेम १८ वर्षं हाती लागतात. पण असले हिशेब काउंटरवर घालू नयेत, अनामत रक्कम परत मिळायची पंचाईत होते. मखमल, जरी, पाठीला वेल्क्रो. चैत्रातल्या उकाड्यात चार पावलं चाललात की इतिहास पाठीवरून ओघळायला लागेल.

पगडी घ्याच. तयार मिळते, आत पुठ्ठा, खाडीचा वारा आला की उडणारी. फक्त ती कोणाची, हे विचारू नका. पगडी, पागोटं, मुंडासं, रुमाल यावरून माणूस लांबून दिसताच त्याची जात कळावी आणि कोणी कोणाला वाट सोडायची ते आधीच ठरावं, अशी तेव्हा सोय होती. तुम्हाला अस्सल हवं, पण इतकंही अस्सल नको असणार.

कापड हातमागाचंच हवं, असं मात्र ठणकावून सांगा. मुंबईतली पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढे रत्नागिरीकडची माणसं बोटी भरभरून तिकडे राबायला गेली. विलायती गिरण्यांचं कापड तर त्याआधीपासूनच बाजारात. पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातानं कातलेली खादी नेसून गेले ते डोळ्यांत भरलं, म्हणजे बाकीचे काय घालत होते ते समजा. त्या काळचं अगदी खरं धोतर शोधायला निघालात तर ते मँचेस्टरकडचंच निघायचं. हे शोभायात्रेच्या अध्यक्षांच्या कानावर घालू नका; फलकावर ‘स्वदेशी’ रंगवून झालेलं असतं.

नेसता येत नाही? इलॅस्टिकचं धोतर मिळतं, पँटीसारखं चढवा. मोबाइलसाठी खिसाही शिवून देतात.

जुन्या घरात काहीतरी सापडेल अशी आशा असेल तर माळ्यावर चढा. मी चढलो होतो. खालून आत्या ओरडली, “अरे मेल्या, धोतर काय ठेवायची वस्तू आहे? विटलं की मधे फाडून दोन पंचे करायचे. पंचा विरला की लंगोट्या, नाहीतर बाळंत्यात घालायचं. मग पोतेरं. आणि चांगली चिंधी उरली तर देवाला काकडा.” इतक्यातूनही काही वाचलंच तर ते गोधडीच्या पोटात जायचं. माळ्यावरच्या गोधडीची शिवण मी नखानं उसवली. वर फुलाफुलांची नायलॉनची साडी, तिच्याखाली विटका परकर, त्याच्याखाली पिवळं पडलेलं सुती कापड, कडेला बोटभर तांबडा काठ. वास धुराचा आणि डांबरगोळ्यांचा. काठ चाचपायला गेलो तर तिथेच विरला. कोणी नेसलं होतं, कोण जाणे. लग्नातला शालू टिकतो, कारण तो कोणी घालत नाही. रोजचा पंचा रोज वापरून संपला, आणि राहिलेलं आमच्या दमट हवेनं नि कसरीनं संपवलं.

मग जुने फोटो बघा म्हणाल. अवश्य. १८६० च्या दशकात विल्यम जॉन्सन या इंग्रज फोटोग्राफरनं मुंबईतल्या नाना जातीजमातींच्या फोटोंचं पुस्तक काढलं, पण माणसं एकीकडे टिपली आणि मागचा देखावा नंतर चिकटवला. तुमच्या रीलला घराणं आहे, चिंता नसावी.

मी स्वतः गेल्या वर्षी अभ्यास करून गेलो होतो. गुडघ्यावर पंचा, वर उघडं अंग, खांद्यावर उसनी आणलेली घोंगडी, पाय अनवाणी. भाताच्या खाचरातला गडी अगदी असाच दिसायचा. देवळापाशी स्वयंसेवकानं मला अडवलं. तो बाजीराव होता, वेल्क्रो सुटल्यामुळे एक हात पाठीमागे धरलेला.

“काका,” तो म्हणाला, “जरा लवकर कपडे करून या ना. यात्रा निघतेय.”